अंगावरचा ब्लाऊज

"तुमची स्वतःची मुलं आहेत का?"

मारिफेनं हा प्रश्न विचारला होता समोर वेताच्या खुर्चीत बसलेल्या अनोळखी बाईला; पण त्याचा धक्का बसला तो आत चुलीशी उभ्या असलेल्या होनोराताला! पातेल्यात आल्याची पेज, ते लोक तिला लुगाव म्हणतात, रटरटत होती, आणि ढवळता ढवळता होनोराताचा हात तसाच थांबला होता...

"तीन आहेत, मॅम," बाई म्हणाली.

"मग ती कुणाकडे असतात?"

"सासूकडे. गावाला."

आवाज जराही न चढवता मारिफेनं विचारलं, "आपली मागं ठेवायची आणि दुसऱ्यांची सांभाळायची... जमतं कसं हो तुम्हाला?"

त्या बाईला यात काही टोचलं नाही. बाळ सांभाळणाऱ्या यायाला असे प्रश्न नवे नसतात. पांढराशुभ्र गणवेश नीट करत ती म्हणाली, "जमवावं लागतं, मॅम. आणि आधीच सांगते, मी भांड्यांना हात लावत नाही. शिवाय चार ते पाच माझी मालिका असते, तेवढा वेळ बाळानं झोपायला हवं."

कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेल्या मारिफेच्या मावशीनं, तिया पुरिंगनं, डोळे न उघडताच म्हटलं, "बाळाला मालिकेची वेळ कळायला लागली की बोलावू हं तुला."

बाई गेली. तिच्या आदल्या दिवशी आलेली पोरगी तर बाळाचं नावही न विचारता त्याला मांडीवर घेऊन फोटो काढत बसली होती. ईस्टर झाला की सोमवारी मारिफेला लिपा शहरातल्या बँकेत हजर व्हायचं होतं, नवरा आर्नेल जहाजावर, आणि पाच महिन्यांच्या लियानला सांभाळायला अजून कुणी मिळत नव्हतं.

खरं तर घरातच कुणी होतं! बावीस वर्षं हाँगकाँगमध्ये जिनं परक्यांची मुलं न्हाऊमाखू घातली, भरवली, तापात उशाशी बसून जिवापाड जपली, ती होनोराता जानेवारीत कायमची घरी आली होती. विमानात बसल्यापासून तिच्या मनात एकच चित्र होतं: लेकीचं बाळ आपल्या मांडीवर. पण लेकीनं विचारलं नाही... आणि मागायचा हक्क आपण कधीच गमावून बसलो आहोत, असं वाटून होनोरातानं तोंड उघडलं नाही. ती पहाटे उठून बराको कॉफी उकळायची, दुपटी वाळत घालायची, दिवसभर राबायची. बाळ रडलं की मात्र मारिफे धावत येऊन ते तिच्या हातून उचलून घ्यायची. तेही अगदी हळुवार, अदबीनं. हिसकावून घेतलं असतं तर होनोराताला कमी लागलं असतं!

त्या दुपारी पेजेचा वाडगा लेकीपुढं ठेवताना ती धीर करून म्हणाली, "मारिफे... तू इतकी शोधतेस. लियानला मी बघितलं असतं ना, बाळा."

"तुम्ही थकलाय, नाय," मारिफे म्हणाली; आईला ती नाय म्हणायची. "गुडघे दुखतात तुमचे."

"मांडी घालून बसले की नाही दुखत."

"उभं आयुष्य मुलंच सांभाळलीत ना?" मारिफे पेजेवर फुंकर घालत म्हणाली. "आता आराम करा."

"आपल्या नातीला सांभाळण्यात कसला गं शीण?"

मारिफेनं चमचा खाली ठेवला. ती मुळात शांत स्वभावाची, तिया पुरिंगच्या हातची वाढलेली. रागावली की तिचा आवाज अधिकच खाली यायचा. "नाय, एक सांगू? लहानपणी वर्षातून एकदा तुमचा तो मोठा खोका यायचा. सगळी गल्ली बघायला जमायची. साबण, कॉफी, चॉकलेटं... आणि सगळ्यात वर काय असायचं? तुमचा वापरलेला ब्लाऊज. दरवर्षी! मी सात वर्षांची असताना शेजारच्या मुलींनी विचारलं, 'हे काय, तुझी आई तुला जुनं पाठवते?' तुम्ही तिथल्या मुलींचे फोटो पाठवायचात ना, त्यांच्या अंगावर नवे फ्रॉक असायचे. तेव्हापासून मला कळलं, आपल्या वाट्याला काय येतं ते. मी रागावलेली नाही. पण माझ्या मुलीला मला उरलंसुरलं द्यायचं नाही."

वर ठेवलेला ब्लाऊज... जुना... उरलंसुरलं!

काय सांगायचं होतं तिला? मारिफे दीड वर्षाची असताना होनोराताचा नवरा जीपनीच्या, तिथल्या प्रवासी जीपच्या, अपघातात गेला आणि पोरीला थोरल्या बहिणीच्या, पुरिंगच्या, ओटीत घालून ती विमानात बसली. त्या सकाळी तिनं जे केलं ते त्या मुलखातली परगावी निघालेली कुठलीही आई करते. अंगावरचा घामेजलेला ब्लाऊज उतरवला आणि निजलेल्या लेकराच्या उशीशी ठेवला. आईचा वास जवळ असला की पोर झुरत नाही, शांत झोपतं... पण वास काही कायमचा टिकत नाही. म्हणून दरवर्षी खोका भरायच्या आधी ती एकच ब्लाऊज दिवसच्या दिवस अंगावर वागवायची. त्यातच फरशा पुसायची, मासे तळायची, त्यातच निजायची. मालकीण नाक मुरडायची, तर ही हसून खाली बघायची. मग प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत तो घट्ट बांधायचा, आणि साबण-कॉफीचा वास लागू नये म्हणून खोक्यात सगळ्यात वर ठेवायचा. समुद्रावरून खोका पोचायला दोन-दोन महिने लागायचे. तेवढे दिवस ती जणू श्वास रोखून असायची. पोचला असेल का... आज माझं लेकरू माझ्या कुशीत झोपलं असेल का!

ती तशीच पुरिंगच्या खोलीत गेली आणि तिनं लाकडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात तिचे ब्लाऊज होते, सगळेच्या सगळे. कडक इस्त्री केलेले, घडीला घडी लावून ठेवलेले. तिनं एक उचलून नाकाशी नेला.

साबण! नुसता साबणाचा वास.

"धुतलेस?" ती वळून पुटपुटली. "पुरिंग... तू ते धुतलेस?"

पुरिंग काठी टेकत आत आली होती. तिला हल्ली अंधुक दिसायचं, पण कपाट उघडल्याचा आवाज ती ओळखत होती. पलंगावर टेकत, धाकटीला लहानपणच्या नावानं हाक मारत ती म्हणाली, "पहिल्या खोक्यातला नव्हता धुतला, आतांग. तू सांगितलंस तसाच उशीशी ठेवला. पोरीनं वास घेतला, तो ब्लाऊज कवटाळला आणि जाऊन उंबऱ्यावर बसली. तू दारातूनच येशील असं वाटलं असेल तिला. दोन दिवस बसली होती तिथं! घास घेईना की हटेना. झोपली ती उंबऱ्यावरच झोपली. मग मी तो तिच्या हातातून काढला आणि धुतला. दुसऱ्या दिवशी पोर हसली, जेवली. पुढचा आला तो येताक्षणी धुतला... त्याच्या पुढचाही. मी काय करायला हवं होतं? सांग!"

होनोराता खाली फरशीवर बसली. वर्षानुवर्षं ज्या एका आधारावर ती परमुलखात तग धरून राहिली होती तो आधारच नव्हता तर! लेकीला आई कधी पोचलीच नव्हती. आणि तरीही... उंबऱ्यावर उपाशी बसलेलं ते दोन वर्षांचं पोर डोळ्यांपुढं आलं, आणि तिच्या मनात बहिणीसाठी रागाचा एक कणसुद्धा उरला नाही. भुकेल्या पोराला जिनं जेवायला लावलं तिला दोष कुठल्या तोंडानं द्यायचा?

"मी सांगते मारिफेला," पुरिंग म्हणाली. "आत्ता सांगते."

"नाही!" होनोरातानं तिचा हात घट्ट धरला. "शपथ आहे तुला. तिला आयुष्यात एक आई तरी धड मिळाली, ती तू. आता या वयात ती मोडू नको, माझ्यासाठी तर मुळीच नको. माझं काय... माझ्यावर रागवायची तिला सवय झालीय."

खाली गल्लीतल्या देवळापुढं मांडव घालायचं काम चाललं होतं. ईस्टरच्या आधीच्या, दुःखाच्या आठवड्यात तिथं पाबासा बसतो. प्रभूच्या यातनांची सगळी कथा बायाबापड्या आळीपाळीनं, खंड न पडू देता, गाऊन म्हणतात. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे, देवाची गोष्ट गळ्यातून यायला लागली की ऐकणारा देवासाठी म्हणून रडायला बसतो आणि कुणाकुणासाठी रडून उठतो! एके काळी होनोराताचा आवाज त्या मांडवाचा प्राण होता. मुलगा आईचा निरोप घेतो तो अध्याय तर तिचाच. परदेशी गेली त्या वर्षापासून मात्र तो तिच्या गळ्यातून निघाला नव्हता. सुट्टीवर आली तरी बायका आग्रह करायच्या आणि ही मान हलवायची.

त्याच मांडवातल्या बायकांनी जोविलिनचं नाव सुचवलं. पलीकडच्या मिंदोरो बेटावरची, कोळ्याची सून. बुधवारी सकाळच्या बोटीनं ती आली ती एकटी नाही. लेकीला जिथं राहायचं ते घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुठली आई तिला सोडते? म्हणून तिची आई, तिची इनाय, देलिया बरोबर होती. देलियाच्या कडेवर जोविलिनचा वर्षाचा मुलगा बुबोय, आणि हातात केळीच्या पानात बांधलेल्या गोड चिकटभाताच्या सुमानची जुडी.

जोविलिननं आल्या आल्या पायातल्या चपला काढल्या, हात धुतले, आणि कुणी न सांगता लियानला असं काही उचललं की रडणारी लियान गप्पच झाली.

"गाणं येतं का तुला?" तिया पुरिंगनं चौकशी केली.

"येतं, लोला," जोविलिन तिला आजी म्हणूनच हाक मारत म्हणाली. "पण बेसूर."

"चालेल. लहान मुलांना सूर कळत नाही, आवाजातली माया कळते. आणि मालिका?"

"आमच्याकडे वीज गेली की आठवडाभर येत नाही, लोला. मालिका कुठली बघू? इनाय आणि सासूबाई भांडतात तेवढीच."

देलियानं लेकीला कोपर मारलं. मारिफे खूप दिवसांनी मोकळी हसली. सगळं ठरलं: पगार, सुट्टीचा रविवार, झोपायची जागा. मुलाचं कसं करणार, असं मारिफेनं विचारलं तेव्हा जोविलिन हसायचं थांबली आणि म्हणाली, "इनाय बघेल." मारिफेनं या वेळी पुढं काही विचारलं नाही.

दुपारच्या बोटीची वेळ झाली. देलियानं नातवाला कडेवर घेतलं. "थांब इनाय," म्हणत जोविलिन घाईनं मोरीत गेली, दुसरा सदरा घालून बाहेर आली, आणि सकाळपासून अंगावर असलेला, पाठीवर घामाचे डाग पडलेला ब्लाऊज तिनं आईच्या पिशवीत कोंबला.

"अगं, तो कशाला तसाच देतेस?" मारिफे म्हणाली. "मशीन आहे आपल्याकडे. धुऊन वाळवून पाठवू पुढच्या बोटीनं."

"नको नको, मॅम!" जोविलिन एकदम दचकून म्हणाली. "धुतला तर काय उपयोग? बुबोयच्या उशीशी ठेवायचा आहे तो. माझा वास आला की झोपेल. इनाय, ऐकलंस ना? पाणी लावायचं नाही हं त्याला!"

"मला शिकवतेस?" देलिया म्हणाली. "तुझा बाप मासेमारीला जायचा तेव्हा त्याचा गंजीफ्रॉक तुझ्या पाळण्यात मीच ठेवायचे. दोन रात्री मला त्या वासानं झोप यायची नाही, आणि तू मात्र घोरायचीस."

मारिफेचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे... सगळेच करतात?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे तर सगळ्याच, मॅम. माझी चुलतबहीण दुबईला आहे. तीसुद्धा खोक्यातून पाठवते. अगदी वर ठेवते, म्हणजे साबणाचा वास लागत नाही."

मारिफे हळूहळू वळली. होनोराता चुलीपुढं पाठमोरी उभी होती आणि रिकामं पातेलं ढवळत होती...

मारिफे आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातांत इस्त्रीच्या घड्यांचा तो गठ्ठा होता. एकेक ब्लाऊज ती नाकाशी नेत होती आणि खाली ठेवत होती. नेत होती, ठेवत होती.

"नाय, हे धुतले कुणी?"

होनोरातानं वळून पाहिलं. खुर्चीत बसलेल्या पुरिंगची जपमाळ थांबली होती. एक शब्द... केवळ एक शब्द उच्चारला की बावीस वर्षांचा डाग पुसला जाणार होता! आणि तोच डाग त्या म्हाताऱ्या, अंधुक डोळ्यांच्या बाईवर जाऊन पडणार होता, जिच्या मांडीवर ही पोर वाढली.

"मीच," होनोराता शांतपणे म्हणाली. "पाठवण्याआधी मीच धुतले असतील. मळके कसे पाठवायचे, म्हणून."

"खोटं बोलू नको, आतांग!" पुरिंगचा आवाज कापला, पण स्पष्ट आला. "प्रभूच्या दुःखाचे दिवस आहेत. तुझी शपथ मोडल्याचं पाप मी घेते. पोरी, ते मी धुतले. पहिला आला तेव्हा तू तो घेऊन उंबऱ्यावर बसलीस, आई येईल म्हणून. दोन दिवस जेवली नाहीस. मला ते बघवेना. म्हणून मी तुझी आई धुऊन टाकली... दरवर्षी धुतली. आणि ही वेडी, माझ्यावर येऊ नये म्हणून तुझी बोलणी खात बसलीय!"

बुबोयनं आजीचं कानातलं ओढलं.

मारिफे आधी पुरिंगकडे गेली. खाली बसून तिनं त्या सुरकुतलेल्या हाताला आपलं कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "तिया, तू मला जेवायला लावलंस." इतकंच. मग ती उठली, स्वयंपाकघरात आली, आणि आईच्या खांद्यात तिनं तोंड खुपसलं. रडली नाही ती लगेच. आधी श्वास घेतला. खोल, पुन्हा पुन्हा, पाण्याखालून वर आलेल्या माणसानं घ्यावा तसा. आलं, धूर, घाम, बराको कॉफी...

"असा होता होय..." ती पुटपुटली, आणि मग मात्र तिला हुंदका आवरेना. "नाय, असा होता होय गं तुझा वास!"

होनोराताचे हात जानेवारीपासून जे करायला धजले नव्हते ते त्यांनी आपसूक केलं. लेकीच्या केसांतून ते फिरत राहिले. "मोठी झालीस गं," ती एवढंच म्हणत होती. "किती मोठी झालीस..."

दारात उभी असलेली जोविलिन घाबरून आईच्या कानाला लागली, "इनाय, नोकरी गेली वाटतं माझी."

ते मारिफेनं ऐकलं. डोळे पुसत, अर्धवट हसत ती म्हणाली, "नोकरी नाही गेली. पण तो ब्लाऊज पिशवीतून काढ. बुबोय इथंच राहील, तुझ्यापाशी. एका चटईवर दोन मुलं मावतात."

"पण मॅम, मी दोघांना... कामात कमी पडले तर?"

"दोघांना तू एकटी कशाला बघशील? तू बुबोयची आई आहेस, आणि लियानची आजी घरात आहे. ती सांगेल तसं कर. बावीस वर्षं हेच काम केलंय तिनं, तिच्याइतकं कुणाला येतंय?"

अशाच अर्थाचं वाक्य आठवड्यापूर्वी तिच्या तोंडून वेगळ्या सुरात आलं होतं. होनोरातानं पदरासारखं पुढं ओढलेलं एप्रन डोळ्यांना लावलं.

"वा!" देलिया नातवाला खाली ठेवत म्हणाली. "पोरगी इथं, नातू इथं! मग मी कुणाच्या उशीशी काय ठेवू?"

जोविलिननं बाहेर काढलेला तो ब्लाऊज पुन्हा आईच्या पिशवीत कोंबला. "तुझ्याच उशीशी ठेव, इनाय. आणि धुऊ नको."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मांडवातल्या बायकांना निरोपाच्या अध्यायासाठी कुणाला बोलवावं लागलं नाही. होनोराता आपण होऊन उठली आणि माइकपाशी जाऊन बसली. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, वरच्या सुराला फाटत होता. पण मुलगा जातो आणि आई त्याला अडवत नाही, त्या जागेवर ती आली तेव्हा मांडवातल्या बायकांनी वारा घालायचे पंखे खाली ठेवले. पहिल्या बाकावर मारिफे बसली होती. एका बाजूला तिया पुरिंग, मांडीवर लियान. परमेश्वरानं आपल्या आईचं दुःख जगभर गायला लावलं ते उगाच नसावं. ज्या आयांना स्वतःचं सांगता येत नाही त्यांनी ते त्या निमित्तानं गावं, एवढी सोय त्या दयाळूनं करून ठेवली असेल!

ईस्टरनंतरच्या सोमवारी सकाळी घरात गडबड होती. बुबोय आणि लियान चटईवर शेजारी शेजारी होते, जोविलिन बेसूर आवाजात काहीतरी गात होती, आणि पुरिंग "अगं, जरा खालून धर" म्हणून तिला सूर देत होती. बँकेचा गणवेश घातलेली मारिफे दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तिच्या हातात तिचा घरातला गाऊन होता. चुरगळलेला, दुधाचे डाग पडलेला, नुकताच अंगावरून उतरवलेला.

तो तिनं आईच्या हातात ठेवला.

"लियानच्या उशीशी ठेव, नाय," ती म्हणाली. "धुऊ नकोस हं."

"नाही गं," होनोराता म्हणाली. "जा तू. संध्याकाळपर्यंत टिकतो तो."